शरीरात बसवलेली वस्तू बिघडते तेव्हा : या दाव्यांमधली वकिली

वकीलबाई_शिवाजीनगर

सांधेरोपणाच्या खर्चावरच्या धाग्यात मी ओघात लिहिलं होतं की माझं निम्मं काम सदोष वैद्यकीय उपकरणांमुळे इजा झालेल्या लोकांचं असतं. त्यावर काही जणांनी व्यनि (व्यक्तिगत निरोप) करून विचारलं, असं वेगळं काम असतं का, आणि पुण्यात बसून ते कसं करतात. म्हणून हा स्वतंत्र धागा. अशिलांची ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत आणि कुठल्याही अशिलाच्या प्रकरणातली कंपनी किंवा हॉस्पिटल इथे नावानिशी येणार नाही, कृपया विचारू नये.

मांडीत बसवलेली प्लेट तुटते. खुब्याचा कृत्रिम सांधा झिजून धातूचे कण रक्तात उतरतात. पेसमेकरची तार खराब होते. माणूस दुसऱ्यांदा ऑपरेशन टेबलावर जातो. घरचे आधी डॉक्टरला बोल लावतात, मग नशिबाला. ती वस्तू बनवणारा कोणी आहे हे बहुतेकांच्या डोक्यातही येत नाही, कारण ती वस्तू त्यांनी कधी पाहिलेलीच नसते. खोकं थिएटरमध्ये उघडलं, बिलात 'इम्प्लांट' अशी एक ओळ आली, विषय संपला.

मी सुरुवात मोटार अपघात दाव्यांपासून केली. शिवाजीनगरला ती कामं करताना अपंगत्वाचे दाखले, एक्स-रे आणि डिस्चार्ज कार्ड वाचायची सवय लागली, आणि वय व उत्पन्न यांवरून नुकसान कसं मोजतात तेही अंगवळणी पडलं. सर्वोच्च न्यायालयाच्या सरला वर्मा (२००९) निकालातला गुणकांचा तक्ता, म्हणजे कोणत्या वयाला वार्षिक उत्पन्न कितीने गुणायचं, आमच्याकडे ज्युनिअरलाही पाठ असतो. पुढे एका अपघाताच्या दाव्यात जखमीच्या पायातली प्लेट वर्षाच्या आत तुटली. विमा कंपनीचं म्हणणं, ही दुसरी शस्त्रक्रिया अपघातामुळे नाही, तिचे पैसे आम्ही का द्यायचे? प्रश्न रास्त होता. मग ती कोणामुळे? तिथून मी या वाटेला लागले.

याच सुमाराला खुब्याच्या सांध्याचं प्रकरण गाजलं, ते थोडक्यात सांगते, कारण भारतात या विषयाची जाण त्यातून आली. जॉन्सन अँड जॉन्सनच्या डीप्यू कंपनीचा एएसआर सांधा. धातूचा गोळा, धातूचीच वाटी. इंग्लंड-वेल्सच्या सांधेरोपण नोंदवहीत दिसलं की पाच वर्षांत १२ ते १३ टक्के रुग्णांना तो काढून दुसरा बसवावा लागतोय. ऑगस्ट २०१० मध्ये कंपनीने जगभरातून तो परत मागवला. भारतात सुमारे ४,७०० शस्त्रक्रिया झालेल्या होत्या. त्यातल्या किती जणांना कळलं की आपल्या खुब्यात तोच सांधा आहे? केंद्राची तज्ज्ञ समिती बसायला २०१७ उजाडलं. २०१८ च्या शेवटी सरकारने भरपाईचं सूत्र ठरवलं, ३० लाखांपासून सव्वा कोटीच्या आसपास. कंपनी दिल्ली उच्च न्यायालयात गेली, आणि २०१९ मध्ये पडताळणी झालेल्या ६७ रुग्णांना प्रत्येकी २५ लाख द्यायची तयारी तिने तिथे दाखवली. ४,७०० आणि ६७ हे दोन आकडे शेजारी ठेवून बघा. नोंदवही असलेल्या देशात दोष आकड्यांत दिसला. आपल्याकडे माणसं शोधण्यातच वर्षं गेली.

आता कायदा. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याखाली परवाना रद्द होतो, खटला भरता येतो, पण बाजारातली वस्तू वापरून इजा झालेल्या रुग्णाला भरपाई द्यायची सोय त्यात नाही. वैद्यकीय उपकरण नियम २०१७ मध्ये आले, १ जानेवारी २०१८ पासून लागू झाले, पण त्यांतही भरपाईची तरतूद आहे ती उपकरणाच्या वैद्यकीय चाचणीत भाग घेतलेल्यांसाठी. म्हणून आमचा रस्ता ग्राहक आयोगाचा. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात उत्पादन दायित्वाचं स्वतंत्र प्रकरण आलं, कलम ८२ ते ८७, आणि ते जुलै २०२० पासून अमलात आहे. रचना सदोष, तयार करताना चूक, ठरलेल्या मापदंडापासून फारकत, दिलेली हमी खोटी, किंवा वापराच्या सूचना व इशारे अपुरे, यांतलं काहीही एक सिद्ध झालं तर कलम ८४ खाली उत्पादक जबाबदार. त्याने निष्काळजीपणा केला हे वेगळं सिद्ध करावं लागत नाही. निष्काळजीपणा सिद्ध करणं म्हणजे कारखान्याच्या भिंतीपलीकडे काय घडलं ते दाखवणं, आणि रुग्णाला ते कधीच शक्य नसतं, त्यामुळे हा फरक फार मोठा आहे.

तरीही कायद्याचा मुद्दा माझ्या अनुभवात दुय्यम. दावा उभा राहतो की नाही हे माझ्याकडे कागद येण्याआधीच ठरलेलं असतं. दोन गोष्टींवर: शरीरातून काढलेली वस्तू जपून ठेवली का, आणि ती नेमकी कोणत्या लॉटची, म्हणजे कारखान्यात एकत्र बनलेल्या कोणत्या खेपेतली, होती याची नोंद आहे का. वस्तू नाही, लॉट नंबर नाही, म्हणजे दावा नाही. जैववैद्यकीय कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांत धातूची इम्प्लांट निळ्या खुणेच्या डब्यात टाकायची असतात. हॉस्पिटल नियमाप्रमाणेच वागतं आणि रुग्णाचा एकमेव पुरावा संध्याकाळच्या गाडीने निघून जातो. हे थांबवायचं तर शस्त्रक्रियेच्या आधी लेखी मागणी करावी लागते. पुण्यातल्या प्रत्येक घरात हे माहीत असायला हवं, या एका गोष्टीसाठी मी हा धागा काढलाय.

प्रश्न विचारा, जमेल तसं लिहीन.

सायली_कर्वेनगर

वाचनखूण साठवली. माझ्या सासूबाईंचे दोन्ही गुडघे बदललेत, फाइलमध्ये लॉट नंबरचे स्टिकर आहेत का ते आजच बघते.

हाडांचा_डॉक्टर

लेख चांगला आहे, पण एक धोका वाटतो म्हणून लिहितो. प्लेट तुटली म्हणजे प्लेट खराब, हे समीकरण चुकीचं आहे. प्लेट कायमचा भार पेलण्यासाठी बनवलेली नसते. हाड जुळेपर्यंत तिने आधार द्यायचा असतो. हाड जुळलंच नाही तर उत्तम पोलादाची, उत्तम टायटॅनियमची प्लेटसुद्धा कधी ना कधी तुटणारच, कारण प्रत्येक पावलाला तिच्यावर ताण येतो. मधुमेह, तंबाखू, जंतुसंसर्ग, लवकर वजन टाकणं, हाड न जुळण्याची किती तरी कारणं असतात. आमच्याकडे ओपीडीत नातेवाईक तुटलेल्या प्लेटचा एक्स-रे घेऊन भांडायला येतात. असे धागे वाचून ते वाढू नये इतकंच.

वकीलबाई_शिवाजीनगर

डॉक्टर, तुमचं म्हणणं शंभर टक्के मान्य. तुटलेल्या प्लेटचे माझ्याकडे जेवढे लोक येतात त्यातल्या बहुतेकांना मी दावा लावू नका असंच सांगते, आणि कारण तुम्ही लिहिलंय तेच असतं. म्हणून तर ती वस्तू हातात हवी. एक्स-रेवर फक्त तुटलेलं दिसतं. का तुटलं हे तुटलेल्या पृष्ठभागावर लिहिलेलं असतं.

एक प्रसंग सांगते. तीस-बत्तिशीचा माणूस, सिंहगड रस्त्याच्या पट्ट्यात दुधाचा रतीब घालणारा. मांडीचं हाड मोडलं, प्लेट बसली, चौथ्या महिन्यात तुटली. धातुशास्त्र शिकवणाऱ्या एका निवृत्त प्राध्यापकांकडे आम्ही तुकडे नेले. त्यांनी पहिल्यांदा तुकडे एकमेकांना लावून बघण्यासाठी पुढे आलेला माझ्या अशिलाचा हात धरला. तुटलेल्या कडा एकमेकांवर घासल्या की त्यावरच्या खुणा पुसल्या जातात, म्हणाले. मग एक तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून मला बघायला बोलावलं. ओहोटीला वाळूवर लाटांच्या रेघा राहतात तशा बारीक कमानी एका बिंदूपासून निघून पसरल्या होत्या. ताण येत-जात राहिला आणि तडा हळूहळू वाढत गेला, त्याची ती खूण. इथपर्यंत गोष्ट तुम्ही म्हणता तशीच, प्लेट थकून तुटली. पण त्या कमानी जिथून निघाल्या होत्या त्या टोकाला, स्क्रूच्या भोकाच्या कडेशी, एक काळा ठिपका होता. पुढे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली तो धातूत अडकलेला परका कण निघाला. तडा तिथून सुरू झाला होता. रासायनिक तपासणीतही पोलाद त्या प्रतीच्या मानकात बसत नव्हतं.

हा कण नसता, आणि तडा प्लेट वाकवताना पडलेल्या ओरखड्यापासून सुरू झालेला असता, तर उत्पादकाविरुद्ध दावा टिकला नसता. कलम ८७ मध्ये वस्तूचा गैरवापर किंवा तिच्यात बदल झाला असेल तर तो बचाव आहे. आणि काहीच नसतं, नुसता थकवा, तर मी त्या माणसाला घरी पाठवलं असतं.

आणखी एक. डॉक्टरला जाबदेणार (ज्याच्याविरुद्ध दावा लावतात तो) करायचं की नाही हा अशा दाव्यातला सगळ्यात अवघड निर्णय. खूप वकील सरसकट सगळ्यांना ओढतात, डॉक्टर, हॉस्पिटल, वितरक, उत्पादक. माझ्या मते हे अशिलाच्या मुळावर येतं. ज्या सर्जनने दुसऱ्यांदा मांडी उघडली, त्याने आत काय पाहिलं हे सांगणारा तो एकमेव माणूस असतो. त्यालाच जाबदेणार केलं की त्याचा वकील त्याला गप्प बसवतो. त्याच्या शस्त्रक्रियेत दोष नसेल तर तो आपला साक्षीदार आहे.

हाडांचा_डॉक्टर

शेवटच्या परिच्छेदाशी पूर्ण सहमत. माझ्या एका सहकाऱ्याला असंच नाहक ओढलं होतं, सुटला, पण त्यानंतर तो काढलेल्या इम्प्लांटबद्दल ऑपरेशन नोटमध्ये एक अक्षर जास्त लिहीत नाही. नुकसान पेशंटचंच.

क्वालिटीवाला_भोसरी

मी इम्प्लांट बनवणाऱ्या कारखान्यात गुणवत्ता विभागात आहे, कंपनी सांगत नाही. वकीलबाईंनी लिहिलेला परका कण हे आमचं रोजचं दुःस्वप्न. कच्च्या सळीचं प्रमाणपत्र पुरवठादार देतो. ते डोळे झाकून फाइलला लावायचं की प्रत्येक हीटमधून (भट्टीतून एका वेळी निघालेल्या धातूतून) तुकडा कापून स्वतः तपासायचा, यात चांगला कारखाना आणि वाईट कारखाना वेगळे होतात. २०१७ च्या नियमांच्या पाचव्या अनुसूचीत गुणवत्ता व्यवस्थापन सांगितलंय, त्यात प्रत्येक लॉटचा पूर्ण इतिहास ठेवायचा असतो: कुठली सळी, कोणतं मशीन, कोणी तपासलं, किती नग नाकारले. आणि तक्रारींची नोंदवही. त्याच लॉटबद्दल आधी तक्रार आली होती का, हे तिथे सापडतं.

वकीलबाई_शिवाजीनगर

भोसरीकर, मनापासून आभार. आयोगापुढे आम्ही प्रश्नावली देतो तेव्हा नेमकं हेच मागतो. पूर्वी मोघम मागायचे, 'संबंधित सर्व कागदपत्रे'. मोघम मागितलं की माहितीपत्रक आणि परवान्याची झेरॉक्स येते. लॉटचा उत्पादन इतिहास, सळीचं प्रमाणपत्र, त्या लॉटच्या तक्रारी आणि त्यावर केलेली दुरुस्ती, असं नावानिशी मागितलं की उत्तर टाळणं अवघड जातं. टाळलं तर तेही आयोगाला दिसतं.

सुहास_धायरी

नमस्कार. माझ्या आईची (वय ६१) मांडीतली प्लेट तुटली आहे. पहिलं ऑपरेशन एका हॉस्पिटलात झालं, आता गुरुवारी नगर रस्त्याच्या दुसऱ्या हॉस्पिटलात प्लेट काढून रॉड टाकणार आहेत. हा धागा आज ऑफिसमध्ये वाचला आणि हातपाय गळाले. आम्हाला केस करायचीच आहे असं नाही, पण तुकडे तरी मिळावेत. काय करू?

वकीलबाई_शिवाजीनगर

सुहास, आधी आईंची तब्येत. रॉड टाकायची तारीख या कारणासाठी पुढे ढकलू नका.

उद्या सकाळी नव्या हॉस्पिटलात आईंच्या सहीचं एका पानाचं पत्र द्या, मराठीत चालेल. काढलेले सर्व तुकडे आणि स्क्रू कचऱ्यात न टाकता आमच्या ताब्यात द्यावेत, निर्जंतुक करायला हरकत नाही पण घासू नयेत, वेगवेगळ्या पिशव्यांत ठेवावेत, आणि काढताना फोटो घ्यावेत. पोच घ्या. संमतीपत्रावरही ही ओळ हाताने लिहून घ्या. सर्जनना स्वतः भेटा, नम्रपणे सांगा की तक्रार त्यांच्याविरुद्ध नाही. बरेच सर्जन मदतच करतात. आसपासच्या ऊती काळपट दिसल्या किंवा पू असला तर त्याचा नमुना तपासणीला पाठवायची विनंती करा. जंतुसंसर्ग होता की नाही हा प्रश्न पुढे पहिल्या तारखेलाच येतो.

तुकडे मिळाले की डब्यावर तारीख, वेळ, कोणी दिले, कोणी घेतले हे लिहा, दोघांच्या सह्या घ्या. पुन्हा सांगते, तुकडे एकमेकांना लावून बघू नका आणि पाहुण्यांना दाखवायला हातात देऊ नका.

जुन्या हॉस्पिटलात पूर्ण केस पेपरची मागणी लेखी करा, ऑपरेशन नोट आणि इम्प्लांटच्या स्टिकरच्या पानासकट. वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या आचारनियमांनुसार मागणी आल्यापासून ७२ तासांत नोंदी द्याव्या लागतात. झेरॉक्सवर बारीक अक्षर काळं येतं, म्हणून मूळ पानाचा मोबाइलवर स्पष्ट फोटो काढा.

दावा लावायचा की नाही हे नंतर ठरवू. मुदत दोन वर्षांची आहे, कलम ६९. रिपोर्ट आल्याशिवाय ठरवूही नका.

सुहास_धायरी

खूप आभार ताई. पत्र आत्ताच लिहितो.

ऋतुजा_एलएलबी

मी लॉ कॉलेज रस्त्यावर तिसऱ्या वर्षाला आहे. या क्षेत्रात यायचं असेल तर काय करावं? आणि मोकळेपणाने विचारते, यावर घर चालतं का? अमेरिकेत या कामावर वकिलांच्या मोठमोठ्या कचेऱ्या उभ्या राहिल्यात असं वाचलंय.

वकीलबाई_शिवाजीनगर

ऋतुजा, दुसरा प्रश्न आधी घेते, कारण तो विचारायला लोक बिचकतात.

अमेरिकेत वकील रुग्णाकडून पैसे न घेता काम करतो आणि भरपाई मिळाली तर तिच्यात वाटा घेतो. तज्ज्ञांचा खर्चही तोच आधी करतो. आपल्याकडे बार कौन्सिलच्या नियमांनुसार निकालावर अवलंबून फी ठरवता येत नाही, भरपाईत वाटा घेता येत नाही. जाहिरातही करता येत नाही. म्हणजे दुसरं ऑपरेशन करून कर्जात बुडालेल्या माणसाकडून मला आधी फी घ्यायची असते, आणि प्रयोगशाळेचा खर्चही त्यानेच करायचा असतो. या कामावर एकट्यावर माझं ऑफिस चालत नाही. अपघाताचे दावे आणि दिवाणी कामं चालू ठेवूनच हे करता येतं. हे आधी कळलेलं बरं.

त्याच नियमांची दुसरी बाजूही आहे. वाट्याची सोय नसल्यामुळे माणसं गोळा करून घाऊक दावे लावण्याचा मोह इथे नाही. मी एखाद्याला 'लावू नका' म्हणते तेव्हा त्यात माझं काही बुडत नाही. हे स्वातंत्र्य मला मोलाचं वाटतं.

शिकायचं म्हणशील तर कलमं तू वाचशीलच. त्यापेक्षा वेगळं सांगते. ऑपरेशन नोट वाचायला शीक, डॉक्टर मैत्रिणीला धरून बस. धातू आणि प्लास्टिक कसं तुटतं यावरचं इंजिनिअरिंगच्या मुलांचं साधं पुस्तक वाच. पुण्यात धातुशास्त्र शिकवणारी माणसं आहेत, त्यांच्या प्रयोगशाळेत तासभर उभं राहिलीस तर उलटतपासणीत घाबरणार नाहीस. कंपनीचा तज्ज्ञ शपथपत्रात लिहितो, 'रुग्णाने अतिरिक्त भार टाकला.' तेव्हा विचारता आलं पाहिजे की एका झटक्यात तुटलेल्या धातूचा पृष्ठभाग कसा दिसतो, आणि इथे तसा दिसतो का.

आणि शपथपत्र मराठीत लिहायला शीक. माझ्या अशिलांपैकी किती तरी जणांच्या तोंडी इंग्रजी मसुद्यात अशी वाक्यं घातलेली असतात जी त्यांनी जन्मात उच्चारलेली नाहीत. उलटतपासणीत पहिल्या प्रश्नाला माणूस कोसळतो. 'मला पायऱ्या चढताना आत काहीतरी कट्कन वाजल्याचं ऐकू आलं' हे त्याचं वाक्य तसंच ठेवायचं.

मिशिगनकर_मूळ_सातारा

वाट्याच्या फीचा मुद्दा पटला. पण एएसआरमध्ये इथे अमेरिकेत २०१३ साली सुमारे ८,००० लोकांसाठी अडीच अब्ज डॉलरची तडजोड झाली होती. तोच सांधा, तोच आजार. भारतात एवढी तफावत का? भारतीय माणसाचं हाड स्वस्त आहे का?

वकीलबाई_शिवाजीनगर

तुमचा राग समजतो. तफावतीचं कारण ज्युरी, दंडात्मक भरपाईची भीती आणि हजारो दावे एकाच न्यायाधीशापुढे एकत्र चालवण्याची पद्धत, हे तिन्ही तिथे आहे. आपल्याकडे कलम ३५(१)(क) खाली एकसारखं हित असलेल्या अनेक ग्राहकांच्या वतीने दावा करता येतो, पण त्यासाठी आधी ते अनेक एकमेकांना सापडायला हवेत. कुणाच्या शरीरात काय बसवलंय याची राष्ट्रीय नोंदवही असली तर सापडतील.

मात्र तिथलं सगळं गोमटं आहे असंही नाही. २००८ च्या रीगल विरुद्ध मेडट्रॉनिक निकालाने तिथे सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की ज्या उपकरणाला अन्न व औषध प्रशासनाची सर्वात कडक पूर्वपरवानगी मिळालीय, त्याच्याविरुद्धचे राज्य कायद्याखालचे बहुतेक दावे चालणार नाहीत. आपल्याकडे परवाना ही अशी ढाल नाही. परवाना असला तरी दोष दाखवता येतो.

रकमेबद्दल म्हणाल तर आपली न्यायालयं मोठी भरपाई देतच नाहीत असं नाही. कुणाल साहा प्रकरणात (२०१३) सर्वोच्च न्यायालयाने सुमारे ६ कोटी दिले आणि गुणकाचं गणित अशा दाव्यांना जसंच्या तसं लावता येत नाही असंही म्हटलं. ते वैद्यकीय निष्काळजीपणाचं प्रकरण होतं, पण नुकसान कसं मोजावं यासाठी आम्ही त्याचा आधार घेतो.

जुना_ग्राहक_कार्यकर्ता

ग्राहक पंचायत १९७४ मध्ये याच शहरात बिंदुमाधव जोशींनी सुरू केली. तेव्हा भेसळ आणि वजनमापं हे विषय होते. शरीराच्या आत बसवलेल्या वस्तूपर्यंत ग्राहकाचा हक्क पोचलेला पाहून बरं वाटलं. एक शंका. आयोगात गुंतागुंतीचं प्रकरण गेलं की 'दिवाणी न्यायालयात जा' असं सांगून परत पाठवतात, हा आमचा जुना अनुभव. आता काय स्थिती आहे? आणि इतर रुग्णांना सावध करायची काही यंत्रणा?

वकीलबाई_शिवाजीनगर

काका, परत पाठवायचा प्रयत्न अजून होतो. जाबदेणाऱ्याच्या लेखी म्हणण्यात तो मुद्दा ठरलेलाच असतो. त्यावर जे. जे. मर्चंट (२००२) निकाल दाखवतो, त्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंय की विषय गुंतागुंतीचा आहे एवढ्यावरून दार बंद करता येत नाही. कलम ३८ खाली वस्तू योग्य प्रयोगशाळेत पाठवायचा अधिकार आयोगाला आहे. कायद्यात तपासणी लागणाऱ्या तक्रारीसाठी पाच महिन्यांची मुदत लिहिली आहे, प्रत्यक्षात वर्षं लागतात. अशिलाला मी पहिल्याच भेटीत हे सांगते.

दुसऱ्या प्रश्नासाठी एमव्हीपीआय आहे, वैद्यकीय उपकरणांच्या दुष्परिणामांची नोंद ठेवणारा राष्ट्रीय कार्यक्रम. जुलै २०१५ मध्ये सुरू झाला, समन्वय गाझियाबादच्या इंडियन फार्माकोपिया कमिशनकडे. डॉक्टर, नर्स, रुग्ण, कोणीही नोंद करू शकतं, फुकट आहे. त्यातून भरपाई मिळत नाही, पण त्याच वस्तूबद्दल दहा ठिकाणांहून नोंदी आल्या तर कुणाच्या तरी नजरेत येईल.

यावर माझी एक ठाम भूमिका आहे. तडजोडीच्या मसुद्यात कंपन्या गुप्ततेची अट घालतात. रकमेबद्दलची गुप्तता अशिलाला मान्य असेल तर मी हरकत घेत नाही. पण नियामकाकडे नोंद करायचा हक्क सोडून देणारी ओळ मी मसुद्यात राहू देत नाही. आपले पैसे घेऊन बाजूला व्हायचं आणि तोच लॉट दुसऱ्याच्या मांडीत बसू द्यायचा, यासाठी मी ही वकिली करत नाही.

हाडांचा_डॉक्टर

एमव्हीपीआयबद्दल आमच्याच लोकांत अज्ञान आहे. येत्या शनिवारी आमच्या हॉस्पिटलच्या बैठकीत हा विषय ठेवतो. ऋतुजा, ऑपरेशन नोट वाचायला शिकायचं असेल तर मला व्यनि करा, एक तास देईन.

ऋतुजा_एलएलबी

डॉक्टर, नक्की करते. आभार.

सुहास_धायरी

अपडेट. आईचं ऑपरेशन झालं, बरी आहे, काल वॉकर धरून उभी राहिली. सर्जननी तुकडे आणि स्क्रू वेगवेगळ्या पिशव्यांत घालून दिले, फोटोही दिले. संसर्गासाठी नमुना पाठवलाय. पण जुन्या हॉस्पिटलाच्या फाइलमध्ये स्टिकरचं पानच नाही. रेकॉर्ड रूमवाले म्हणतात, या प्लेटला स्टिकर येतच नाही. टाळताहेत का?

क्वालिटीवाला_भोसरी

टाळत असतीलच असं नाही. हाडांच्या प्लेट खूपदा सीलबंद खोक्यात न येता वितरकाच्या 'सेट'मध्ये येतात. ट्रेमध्ये सगळ्या मापांच्या प्लेट आणि स्क्रू. हॉस्पिटल तो ट्रे ऑटोक्लेव्ह (वाफेने निर्जंतुक) करतं, सर्जन हवी ती प्लेट उचलतो, वितरक नंतर ट्रे भरून देतो. अशा वेळी स्टिकर नसतं. पण प्लेटवर लेझरने उत्पादकाचं चिन्ह आणि लॉट नंबर कोरलेला असतो, बहुधा टोकाकडे. भिंगाने बघा.

वकीलबाई_शिवाजीनगर

सुहास, भोसरीकरांनी सांगितलं तसं, पण पिशवी उघडू नका, बाहेरूनच भिंग धरा, नाहीतर मोबाइलने मोठं करून फोटो घ्या. नंबर वाचता आला तर अर्धं काम झालं.

त्याचबरोबर जुन्या हॉस्पिटलात दुसरं पत्र द्या. या वेळी स्टिकर मागू नका. ऑपरेशनच्या दिवसाचं वितरकाचं चलन (माल दिल्याचा कागद), हॉस्पिटलाने वितरकाला दिलेल्या पैशांचं बिल, आणि थिएटरच्या वापर-नोंदवहीतलं त्या दिवसाचं पान मागा. ट्रेमधून काय वापरलं हे वितरकाला पैसे मिळण्यासाठी कुठे तरी लिहावंच लागतं. उत्पादक कोण हे हॉस्पिटल किंवा वितरक सांगू शकला नाही, तर कलम ८६ खाली विकणारा स्वतः जबाबदार धरता येतो, हे पत्रात एका वाक्यात नम्रपणे लिहा. माझा अनुभव असा की त्या वाक्यानंतर चलन सापडतं.

आईंच्या अंतिम बिलात इम्प्लांटची रक्कम हॉस्पिटलाने लावली आहे की वितरकाची वेगळी पावती आहे, तेही बघून ठेवा. संसर्गाचा रिपोर्ट आला की सगळं घेऊन ऑफिसला या. सर्जनच्या दुसऱ्या ऑपरेशन नोटची सर्टिफाइड कॉपी तेवढी विसरू नका.